आईच्या डोक्यातला तो आवाज पुसावा का?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी नऊ वर्षांचा. विसर्जन करून आल्यावर वडिलांबरोबर मंडळाच्या मांडवातच आडवा झालो, म्हणून आज हे लिहितोय. आई आणि धाकटी बहीण घरात माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जाड छपराखाली होत्या. पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला. आईला दुपारी बाहेर काढलं. बहीण तिच्या कुशीत होती, चार वर्षांची. ती गेली होती.

तेव्हापासून आई उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवते. प्यायला नाही. रात्री जाग आली की बॅटरी लावून पाणी हलतंय का ते बघते. आता ती आमच्याकडे पुण्यात, चौथ्या मजल्यावर असते. खालून डंपर गेला की पाणी थरथरतं, आणि आई उठून दाराची कडी काढून उभी राहते. विचारलं तर एवढंच म्हणते, "जमिनीखालून गाडा गेल्यासारखा आवाज आला."

गेल्या महिन्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं. त्यांनी बोलता बोलता सांगितलं की जुनी भीतीची आठवण बोथट करायचे प्रयोग झाले आहेत, त्यात प्रोप्रानोलॉल नावाची बी.पी.ची साधी गोळी वापरतात. घरी आल्यावर हे भावाला सांगितलं. तो भूकंपानंतर जन्मलेला, आईला त्याने अशीच पाहिली आहे. तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? बी.पी.ची म्हणून दे दुधाबरोबर. तिला बरं वाटल्याशी मतलब."

तेव्हापासून मला झोप नाही. आईचं दुःख कमी व्हावं असं मलाही वाटतं. पण ते तिचं आहे. त्यात माझी बहीणही आहे. ते काढायचा अधिकार कुणाला? तुम्ही काय केलं असतं?

चहाबाज
वाचतोय. तांब्याचं वाचून गलबललो.

अण्णा_सोलापूर
तेरणाकाठ, आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मीही त्या दिवसांत मदतीच्या गाडीतून तिकडे गेलो होतो. दगड आणि मातीचे ते ढीग आणि तो वास मी विसरलेलो नाही, आणि कुणी विसरायला लावू नये असंच म्हणेन.

मी पस्तीस वर्षं शिक्षक होतो. माणूस घडतो तो सोसण्यातून, असं माझं ठाम मत आहे. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली. ती आठवण कुणी गोळी देऊन पुसली असती तर ते तुकोबा झाले असते का? दुःख ही माणसाची कमाई आहे. ती शास्त्राच्या नावाखाली लुटू नका.

रातराणी
अण्णा, मान राखून विचारते. तुकोबांच्या बायकोला विचारलं होतं का कुणी?

माझ्या बाबतीत लहानपणी जे झालं ते इथे लिहिणार नाही. घरातलाच माणूस होता, एवढं पुरे. मी आज त्रेचाळीस वर्षांची आहे. एका ठरावीक दाढीच्या साबणाचा वास आला की माझे हात गार पडतात. नवऱ्याला तो साबण बदलायला लावला तेव्हा कारण सांगता आलं नाही, डोकं दुखतं म्हणाले. ही कमाई? मला यातून कुठलाही अभंग सुचलेला नाही. दर उन्हाळ्यात माहेरी न जाण्याची नवीन सबब तेवढी सुचते.

सोसून मोठं होता येतं हे खरं असेल. पण कुणी किती सोसायचं ते दुसऱ्याने ठरवू नये. उद्या ही गोळी मिळाली तर मी रांगेत पहिली उभी राहीन, आणि कुणाचीही परवानगी घेणार नाही.

अण्णा_सोलापूर
रातराणी, माझे शब्द तुम्हाला लागले. मी तुमच्यासारख्यांचा विचार न करता लिहिलं. क्षमा करा.

मनडोह
मी नाशिकला मानसोपचारतज्ज्ञ आहे. "आठवण पुसणं" हा शब्द इथे फार घोटाळा करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्वी असं मानायचे की आठवण एकदा पक्की झाली की झाली, शिलालेखासारखी. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एक ठरावीक आवाज आला की विजेचा झटका बसतो, असं उंदरांना शिकवलं. नंतर तोच आवाज नुसता ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध सोडलं. पुढे तो आवाज ऐकून उंदीर घाबरेनात. ज्यांची आठवण जागी केली नव्हती, त्यांच्यावर त्याच औषधाचा काही परिणाम झाला नाही. म्हणजे आठवण काढली की ती काही तास मऊ पडते आणि पुन्हा घट्ट व्हावी लागते. गुळाचा पाक तापवल्यावर कसा होतो, तसं.

ते औषध माणसाला देण्यासारखं नाही. म्हणून प्रोप्रानोलॉल पुढे आलं. बी.पी., अर्धशिशी, धडधड, हात थरथरणं यांसाठी आम्ही ते रोज लिहून देतो. ॲम्स्टरडॅममध्ये मेरेल किंट यांनी २००९ मध्ये जे दाखवलं ते तुमच्या प्रश्नाच्या फार जवळचं आहे. कोळ्याचं चित्र दिसलं की हलका झटका, अशी भीती लोकांना शिकवली. दुसऱ्या दिवशी गोळी देऊन ती आठवण जागी केली. तिसऱ्या दिवशी त्यांचं दचकणं गेलं होतं. पण कुठल्या चित्रानंतर झटका बसायचा हे त्यांना नीट सांगता येत होतं. माहिती शाबूत, नुसती धडकी गेलेली.

तेव्हा तेरणाकाठ, तुमची बहीण आईच्या आठवणीतून जाणार नाही. हे शास्त्र यशस्वी झालं तरी जाणार नाही.

आता दुसरी बाजू. हे सगळीकडे चालतं असं नाही. बॉस्टनच्या रॉजर पिटमन यांनी २००२ मध्ये अपघातानंतर लगेच ही गोळी देऊन पाहिली, सुरुवातीचे निकाल आशादायक होते, नंतरच्या प्रयोगात ठोस फायदा दिसला नाही. किंट यांचा निकालही काही प्रयोगशाळांना पुन्हा मिळाला नाही. आज आमच्याकडे आघातावर पहिला उपचार बोलण्याचाच आहे, जोडीला गरजेप्रमाणे औषधं.

सीमारेषा
छान समजावलंत डॉक्टर. एक शंका. मग दुधातून दिली तर?

मनडोह
सीमारेषा, दुधातून दिली तर बी.पी. थोडं उतरेल, बाकी काही नाही. आठवण जागी व्हावी लागते. त्यांना स्वतःहून त्या पहाटेकडे परत जावं लागेल, ते बोलावं लागेल. नकळत दिली तर ती फसवणूक आहेच, शिवाय उपयोग शून्य. आणि त्यांना चक्कर आली, पडल्या, तर कशाने ते घरात कुणालाच कळणार नाही. भावाला हे नक्की सांगा.

मॉन्ट्रियलकर
मनडोह यांच्याशी सहमत. हे काम आमच्या गावातही चाललं. मॅकगिल विद्यापीठाचे आलँ ब्रुने यांनी ६० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत ऐकून मी चकित झालो होतो. रुग्णाने गोळी घ्यायची, तास-दीड तास थांबायचं, मग आपल्यावर गुदरलेला प्रसंग कागदावर लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा गोळी, पुन्हा तोच कागद. असं साधारण सहा वेळा. गोळीवाल्यांची लक्षणं नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यानंतर तिथल्या डॉक्टरांनाही त्यांनी ही पद्धत शिकवली.

मला त्यातला कागद महत्त्वाचा वाटतो. जे आयुष्यभर टाळलं ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि स्वतःच्या आवाजात वाचायचं. याला विसरणं कसं म्हणणार?

तेरणाकाठ
आईला लिहिता येत नाही. सही येते फक्त.

मॉन्ट्रियलकर
अरे हो. हा विचार मी केलाच नव्हता. ती सांगेल आणि कुणीतरी लिहून घेईल, असं जमेल का ते डॉक्टरांना विचारा.

चहाबाज
वातावरण जरा हलकं करतो, रागावू नका. ही गोळी आमच्या मोठ्या आत्याला मिळाली तर १९९८ च्या लग्नातल्या मानपानाचा विषय एकदाचा मिटेल.

सीमारेषा
चहाबाज, डॉक्टरांनी काय सांगितलं? धडकी जाते, माहिती शाबूत राहते. आत्या तेच सगळं आता शांतपणे सांगतील!

काळाकोट
मी फौजदारी वकील आहे. मला काळजी वेगळीच वाटते. आठवण हा पुरावा असतो. २६/११ च्या खटल्यात देविका रोटावन ही दहा वर्षांची मुलगी कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि तिने कसाबला ओळखलं. सीएसटीला तिच्या पायात गोळी लागली होती. हल्ल्यानंतर रुग्णालयात कुणी कनवाळूपणाने तिची आठवण बोथट केली असती तर?

माहिती शाबूत राहते हे मान्य. पण साक्षीदार शांतपणे, डोळ्यात पाणी न येता सांगायला लागला की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "एवढं सगळं झालं म्हणता, मग तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" मी हे कोर्टात कितीदा ऐकलं आहे. निदान जबाब नोंदवून होईपर्यंत अशा उपचाराला हात लावू नये, असं माझं मत.

अजून एक. गाडीखाली माणूस चिरडून पळून गेलेल्यानेही ही गोळी मागितली तर? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीती परिषदेने २००३ च्या अहवालात हीच भीती मांडली होती, की लाजिरवाण्या कृत्याची लाजच उरणार नाही. टोचणी ही काही माणसांच्या बाबतीत शेवटचा कायदा असते.

रातराणी
काळाकोट, माझी साक्ष कुणी मागितलीच नाही. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कुठे बोलू नकोस." ज्यांचा खटला कधी उभाच राहणार नाही त्यांनी पुरावा किती वर्षं अंगावर वागवायचा?

आणि डोळ्यात पाणी नसेल तर बाई खोटी, हा दोष विचारणाऱ्या वकिलाचा आहे. माझा नाही.

काळाकोट
दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. पहिल्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

डब्बा_नंबर_१२
मी मोटरमन आहे, मुंबईच्या लोकलचा. एकोणीस वर्षं झाली. या विषयावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्याकडे रनओव्हर म्हणतात. माणूस रुळात दिसतो, आपण हॉर्न देतो, इमर्जन्सी ब्रेक लावतो. गाडी लगेच थांबत नाही, थांबूच शकत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि त्यालाही. काही जण शेवटच्या क्षणी वर बघतात. माझ्या हातून असे चार झाले. तीन विसरलोय म्हटलं तरी चालेल. चौथी मुलगी होती, कॉलेजची बॅग पुढे छातीशी धरलेली. तिने वर बघितलं.

ही गोळी मला हवी का? हवी. पण मला भीती वाटते ती वेगळी. आज असं झालं की माणसाला सावरायला वेळ द्यावा लागतो, कुणीतरी बोलतं, घरचे सांभाळून घेतात. उद्या गोळी निघाली की म्हणतील, घे गोळी आणि संध्याकाळची गाडी काढ. मग गोळी माझ्यासाठी राहणार नाही, वेळापत्रकासाठी होईल. पोलीस, फौजी, ॲम्ब्युलन्सवाले, सगळ्यांना हेच. रुळाला कुंपण घालायचं, लोक रुळात का उतरतात ते बघायचं, हे सगळं मागे पडेल. कारण बघणाऱ्याला त्रासच उरणार नाही.

अण्णा_सोलापूर
मोटरमन साहेब, मला जे सांगायचं होतं आणि नीट सांगता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत.

पिक्सेल
दादा, एक सांगू? ऑक्सफर्डच्या रुग्णालयात रस्ता अपघातातून आलेल्या ७१ जणांवर एक अभ्यास झाला. काहींना अपघातानंतर सहा तासांच्या आत तो प्रसंग क्षणभर आठवायला लावून हातात धरायच्या गेमवर टेट्रिस हा ठोकळे लावायचा खेळ खेळायला दिला. पहिल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे ती दृश्यं इतरांपेक्षा कमी वेळा आली. एमिली होम्स यांचं काम आहे. डोळ्यांसमोरचं चित्र पक्कं व्हायच्या वेळेला मेंदूची तीच जागा ठोकळे लावण्यात गुंतवायची, अशी कल्पना. औषध नाही, काही नाही.

डब्बा_नंबर_१२
त्या रात्री माझा मुलगा माझ्याशी कॅरम खेळत बसला होता, तीन वाजेपर्यंत. त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. थँक्यू.

सीमारेषा
पण पुसता येतं तर घालताही येईल ना? एमआयटीत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये उंदरांच्या मेंदूत खोटी आठवण घातली. ज्या पेटीत कधी झटका बसला नव्हता तिथे उंदीर थिजून उभे राहायला लागले. मला तर हे वाचून गोळीपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

मनडोह
सीमारेषा, त्या उंदरांच्या पेशींत आधी जनुकीय बदल केलेले होते आणि कवटीतून प्रकाशाची तार आत नेलेली होती. माणसांत तसं काही होत नाही. पण तुमची धास्ती मी झटकून टाकणार नाही. कायद्यात याची थोडी जाण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मेंदूवरची मनोशस्त्रक्रिया रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी असल्याशिवाय करता येत नाही. साध्या गोळीवर तसा पहारा नाही, म्हणून घरातल्या माणसांची जबाबदारी वाढते.

माईची_लेक
मी उशिरा आले, सगळं वाचून काढलं. उलट्या बाजूने सांगते.

माझ्या बाबांना अल्झायमर होता. आई गेल्यावर ते रोज संध्याकाळी विचारायचे, "ही कुठे गेली?" पहिला आठवडा मी खरं सांगितलं. दर वेळी ते नव्याने ऐकायचे. दर वेळी तेवढंच रडायचे, कधी कधी दिवसातून तीनदा. माझ्यासाठी आई एकदा गेली, त्यांच्यासाठी वीसदा. मग मी सांगायला लागले की भाजी आणायला गेली आहे. ते शांत बसायचे, पण सारखे दाराकडे बघायचे. रडणं कशासाठी होतं ते विसरायचे आणि जीव मात्र घाबरा व्हायचा, हात चुरगाळत बसायचे. माहिती गेली, धडकी राहिली. डॉक्टर म्हणतात त्याच्या अगदी उलट.

बाबांना जर आठवलं असतं ना की ती गेली, आणि ते दुःख हळूहळू झिजलं असतं, तर ते मला चाललं असतं. म्हणून तेरणाकाठ दादा, आठवण आणि तिची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी स्वयंपाकघरात उभी राहून शिकले. धार कमी करायला मी कधीच नाही म्हणणार नाही. फक्त आईंना विचारा. त्यांच्या डोक्यात काय राहिलं पाहिजे ते त्यांनाच ठाऊक असेल.

रातराणी
माईची_लेक, तुमचं वाचून खूप वेळ बसून होते. मला वाटत होतं की सगळंच जावं. आता लिहिताना जाणवतंय की सगळं नाही. मी मुलीला कुणाच्याही मांडीवर बसू देत नाही, आणि ती नको म्हणाली की तिचं नको ऐकते. ते शहाणपण मला ठेवायचं आहे. साबणाचा वास गेला तरी पुरे.

मनडोह, तुम्हाला निरोप पाठवला आहे, बघाल का?

मनडोह
बघितला. उत्तर लिहिलं आहे. लिहिलंत हे फार बरं केलंत.

चहाबाज
तेरणाकाठ, काय झालं पुढे? विचारलंत का आईंना?

तेरणाकाठ
उशीर झाला, माफ करा. हिंमत गोळा करायला चार दिवस गेले.

रविवारी दुपारी आई मेथी निवडत होती. भावालाही शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. दुधाचंही सांगितलं. भावाची मान खाली. आई त्याला काही बोलली नाही, मेथीच्या काड्या त्याच्याकडे सरकवल्या फक्त.

मग मला म्हणाली, "आवाज जाईल म्हणतोस?"

म्हटलं, जाईलच असं नाही. कमी होऊ शकतो.

"आणि लेकरू?"

म्हटलं, ती राहील, आई. डॉक्टरांनी सांगितलंय.

बराच वेळ गेला. मग तिने जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. ढिगाऱ्याखाली बहीण लगेच गेली नव्हती. उजाडेपर्यंत बोलत होती. पाणी मागत होती. आईचा हात दगडाखाली अडकलेला, पाणी द्यायला हात नाही आणि पाणीही नाही. एकतीस-बत्तीस वर्षं मी समजत होतो की तो तांब्या भूकंप कळावा म्हणून आहे. तसा तो आहेच. पण काठोकाठ का, ते आता कळलं.

भाऊ उठून गॅलरीत गेला. तो तिला कधी भेटलेलाही नाही.

आई म्हणाली, "येते मी डॉक्टरकडे. सांगते त्यांना. पण तीस तारीख होऊ दे. त्या दिवशी मला सगळं आठवलं पाहिजे."

अण्णा_सोलापूर
वाचलं. काही लिहिता येत नाही.

डब्बा_नंबर_१२
तीस तारखेला माझी पहाटेची गाडी आहे. तीन छप्पन्नला जागा असेन. आईंना सांगा.

मनडोह
तेरणाकाठ, दोन व्यवहाराच्या गोष्टी. त्यांना दमा किंवा मंद नाडीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, प्रोप्रानोलॉल चालणार नाही. आणि गोळी असो वा नसो, त्या आत्ता जे बोलल्या ते बोलल्यानंतरच्या रात्री जड जातात. काही दिवस कुणीतरी त्यांच्या खोलीत झोपा.

तेरणाकाठ
दमा नाही, नाडीचं विचारून घेतो. डॉक्टरांची ७ ऑक्टोबरची वेळ मिळाली आहे.

भाऊ झोपतोय तिच्या खोलीत, रविवारपासून. काल रात्री डंपर गेला तेव्हा बॅटरी त्याने लावली.